आधी इंजिन बंद करून गिअर टाकून बघ

मार्चच्या शेवटच्या रविवारी गाडीवरचं पांघरूण काढलं. आमच्या अ‍ॅन आर्बरला, अमेरिकेत मिशिगनमध्ये, हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते मीठ जुन्या गाडीचा पत्रा पोखरतं. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून माझी मियाटा गॅरेजात झाकून उभी असते. बॅटरी जोडली, चाकांत हवा भरली, तेल बघितलं, किल्ली फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झालं आणि मला दरवर्षी होतो तेवढाच आनंद झाला.

यंदा स्टिअरिंगवर लेक होती. ती सोळा वर्षांची आहे, नुकताच शिकाऊ परवाना मिळालाय आणि हातानं गिअर टाकायची गाडी तिला हीच गाडी घेऊन शिकायची आहे. गॅरेजातून मागे यायचं म्हणून ती रिव्हर्स टाकायला गेली आणि खालून कर्रर्र असा आवाज आला, दातांत शिरणारा.

"क्लच पूर्ण दाब," मी म्हणाले.

"दाबलाय, आई. पाय खाली टेकलाय."

"टेकला असता तर असा आवाज आला नसता."

तिनं परत दाबला, परत तेच. मग ती गप्प झाली आणि उतरली. मी बसले, क्लच तळापर्यंत दाबला, दांडी रिव्हर्सकडे नेली. कर्रर्र. पहिला टाकायला गेले तर दांडी अडली, जणू समोर भिंत. मी तिला म्हणाले, "चुकलं माझं. तुझं काही नव्हतं." ती 'इट्स ओके' म्हणाली, पण त्या दिवशी परत गाडीत बसली नाही. हे मला फार लागलं. पुढचे पाच आठवडे मी जे काही केलं त्यामागे ते होतंच.

गाडीबद्दल थोडं सांगते. १९९२ची माझदा एमएक्स-५, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात. लाल रंग, दोन सीट, कापडी टप, बटण दाबलं की बॉनेटमधून वर येणारे दिवे. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली. हिरोशिमात बनते. माझ्या गाडीचं सोळाशे सीसीचं इंजिन ११६ हॉर्सपॉवरचं, म्हणजे आजच्या हिशेबानं फार नाही. पण गाडी हलकी आहे आणि गिअरची दांडी थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवलेली आहे. मध्ये केबल नाही, लांबलचक सळया नाहीत. तळहाताला जे जाणवतं ते आतल्या, गिअर सरकवणाऱ्या काट्यांचंच. माझदाचे लोक या गाडीबद्दल 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, स्वार आणि घोडा एकजीव. मनगटाच्या एका झटक्यात तिसऱ्यातून दुसरा पडतो तेव्हा ते शब्द मला पटतात. म्हणून या गाडीचा गिअर घट्ट झाला तर गाडीतलं सगळं सुखच जातं.

आता मी काय चुकले ते. या गाड्यांचा दुसरा गिअर थंडीत घट्ट लागतो, हे मियाटावाल्या सगळ्यांना माहीत असतं. सकाळी पहिली पाच-सात मिनिटं पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडी मध्येच अडखळते, बॉक्स गरम झाला की सुटते. त्या रविवारी बाहेर उणे दोन अंश होतं. मी स्वतःची समजूत घातली की गेल्या चार वर्षांत गिअर ऑइल बदललेलं नाही, ते घट्ट झालंय, बदलू या.

ऑइल बदलणं या गाडीत सोपं आहे, फक्त एक नियम पाळायचा: आधी भरायचा बोल्ट सैल होतोय का ते बघायचं आणि मगच खालचा उघडायचा. खालून सगळं तेल सोडून दिलं आणि वरचा गंजून बसला असेल तर गाडी तिथंच अडकली. दोन्हींना २४ नंबरचा पाना लागतो. तेल दोन लिटर. भरायचं भोक बॉक्सच्या कुशीत असतं, त्यामुळे बाटलीनं ओतता येत नाही, हातपंपानं चढवायचं आणि भोकातून परत बाहेर ओघळायला लागलं की थांबायचं.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे गॅरेजात 'नव्वद नंबरचं घाला' एवढंच सांगतात, पण नव्वद नंबरात दोन जाती आहेत, जीएल-४ आणि जीएल-५. जीएल-५ हे मुख्यतः मागच्या डिफरन्शिअलसाठी, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्यासाठी. त्यात गंधक आणि फॉस्फरसची जास्त ताकदीची द्रव्यं असतात. दात एकमेकांवर जोरानं घासतात तिथं ती हवीत. पण गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगा, पितळी असतात आणि त्यातली काही तेलं पितळेला मानवत नाहीत. शिवाय रिंगेला घासायला थोडी पकड लागते, फार निसरडं तेल असलं तर ती पकड मिळत नाही. माझदाच्या पुस्तकात या बॉक्ससाठी दोन्ही चालतात असं दिलंय. मी मात्र ७५डब्ल्यू-९० जीएल-४च घालते.

काढलेलं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये उन्हात धरून बघितलं. काळपट तपकिरी, आणि त्यात रांगोळीतल्या चमकीसारखी अगदी बारीक सोनेरी चकाकी. खालच्या बोल्टला लोहचुंबक असतो, त्यावर काजळासारखा मऊ राखाडी लेप होता. तुकडा नाही, कपचा नाही. तीस वर्षांच्या बॉक्ससाठी हे ठीकच म्हणायचं. पण तेव्हा मी त्या सोनेरी चकाकीकडे बघून घाबरले. पितळ म्हणजे सिंक्रो, सिंक्रो गेले.

नवीन तेलानं दुसरा गिअर खरोखर सुधारला, पण रिव्हर्स आणि पहिला होते तसेच. मग मी गाडी एका गॅरेजात नेली. त्यांनी पाच मिनिटं चालवून सांगितलं, सिंक्रो संपलेत, बॉक्स उतरवून उघडावा लागेल, २,२०० डॉलरपासून पुढे. चुंबकावरचा लेप आणि ती चकाकी मी स्वतः बघितली होती, म्हणून माझा लगेच विश्वास बसला.

या गाडीचा बॉक्स उतरवणं म्हणजे काय, ते सांगते. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत एक लांब अ‍ॅल्युमिनिअमची चौकट जाते. गिअरबॉक्सला स्वतःचा वेगळा माउंट नाहीच. पुढे इंजिनचे माउंट आणि मागे डिफरन्शिअलचे, मध्ये सगळं त्या चौकटीच्या आधारावर. दांडीतला ठामपणा तिथूनच येतो. पण बॉक्स काढायचा तर आधी ती चौकट काढायची, आणि बसवताना बॉक्सचा कोन मापून परत तसाच जुळवायचा. तीस वर्षांचे बोल्ट, मिशिगनचा गंज. मी रात्री हिशेब करत बसले आणि एकदा तर गाडी विकावी असंही मनात आलं.

अशाच एका रविवारी रात्री नऊला आप्पांना, माझ्या वडिलांना, फोन लावला. मिरजेत तेव्हा सोमवारची सकाळ, साडेसहा. आप्पा एसटीत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. लहानपणी ते घरी आले की त्यांच्या अंगाला ग्रीसचा वास यायचा आणि आई त्यांचे कपडे वेगळे भिजत घालायची. मी यंत्रांकडे वळले ती त्यांच्यामुळे. पण माझ्या या गाडीबद्दल मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, एसटीच्या बसचं आणि हिचं काय नातं.

मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, कपबशीचा आवाज येत होता.

"सगळेच गिअर घट्ट हायत का एखादाच?"

"सगळेच. रिव्हर्सचा तर आवाज येतो."

"इंजिन बंद करून टाकून बघितलास?"

मी गप्प. नव्हतं बघितलं.

"आगं मग आधी इंजिन बंद करून गिअर टाकून बघ. आन् दुसरं, क्लच दोन-तीनदा भराभर पंप मार आन् मग टाक. जा, मी धरतो फोन."

मी रात्रीची गॅरेजात गेले, फोन डॅशबोर्डवर ठेवला. इंजिन बंद. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स. टक, टक, टक. एकही अडला नाही. दांडी हाताला इतकी ओळखीची वाटली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग इंजिन सुरू केलं, क्लच एकदा दाबून रिव्हर्स टाकला: कर्रर्र. क्लच चारदा भराभर दाबून टाकला: थोडा अडला, पण गेला, आवाज न करता.

"ऐकलं," आप्पा म्हणाले. "क्लच कटत नाही तुझा. बॉक्सला हात लावू नको."

क्लच कटणं म्हणजे पेडल दाबल्यावर इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण सुटं होणं. यामागचं कारण मी नीट सांगणार आहे, कारण गिअर घट्ट लागतोय म्हटलं की लोक, आणि मीही, थेट बॉक्सवर आरोप ठेवतो.

बॉक्समधले पुढे जायचे गिअर एकमेकांत कायम अडकलेले असतात. दांडीनं आपण चाक हलवत नाही, एक कडं सरकवतो, जे त्या गिअरला शाफ्टशी जखडून टाकतं. जखडताना दोघांचा वेग सारखा पाहिजे, नाहीतर दात एकमेकांवर आपटतात. वेग सारखा करायचं काम सिंक्रो रिंगचं. ही पितळी रिंग आधी जाऊन गिअरच्या उतरत्या कडेला घासते, त्याला आपल्या वेगावर आणते आणि मग कडं आत जातं. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी दांडा धरून बसबरोबर दोन पावलं पळतो आणि मग पायरीवर पाय ठेवतो, तसंच. पण ड्रायव्हरनं त्याच वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच ठेवला तर? माणूस कितीही धडधाकट असू दे, त्याची फरपट होणार. क्लच पूर्ण सुटत नाही तेव्हा इंजिन त्या शाफ्टला मागून फिरवतच राहतं आणि बिचाऱ्या रिंगेला अख्ख्या इंजिनाशी झगडावं लागतं. म्हणून सगळे गिअर घट्ट. माझ्या गाडीत रिव्हर्सला सिंक्रोच नाही, तिथं मधला माणूसच नसतो, दात थेट दातांवर. म्हणून आवाज आधी रिव्हर्सचा.

इंजिन बंद असलं की फिरवणारं कोणी नाही, म्हणून सगळं सुरळीत. इंजिन बंद असतानाही अडत असता, तर दांडीचे बुश, आतले काटे, सळया यांच्याकडे बघायला हवं होतं. आणि इंजिन चालू असताना एकच ठरावीक गिअर कुरकुरला असता आणि बाकीचे ठीक असते, तर त्या एका गिअरची रिंग. पाना न लावता, पैसे न घालवता एवढं कळतं.

पंप मारल्यावर सुधारलं, त्यावरून आणखी एक गोष्ट कळली. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची क्लच प्लेट गंजानं फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला, चिकटू शकते. आप्पा म्हणाले, कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांचं हेच व्हायचं. पण चिकटलेली प्लेट पेडल पंप केल्यानं सुटत नाही. या गाडीचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो (गिअर ऑइल नव्हे, ब्रेकला असतं ते तेल). पंप करून फरक पडतो याचा अर्थ तो दाब कमी पडतोय: कुठंतरी गळतंय किंवा आत हवा शिरलीय. मारुती ८००सारख्या केबलच्या क्लचला हे लागू नाही, तिथं केबल ताणली गेलीय का, आतून तार तुटत आलीय का ते बघायचं. इंजिन बंद करून बघायची परीक्षा मात्र तिथंही तीच.

मियाटात पेडलमागे वर एक मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सच्या उजव्या कुशीत खाली एक स्लेव्ह सिलिंडर, मध्ये धातूची नळी आणि शेवटी एक रबरी होज. पेडल दाबलं की वरून तेल खाली ढकललं जातं, खालच्या सिलिंडरची सळई बाहेर येते आणि क्लचचा काटा ढकलते. बॉनेट उघडून छोट्या टाकीचं झाकण काढलं. तेल खालच्या खुणेच्या खाली, आणि रंग शाईसारखा काळा. नवं असतं तेव्हा ते फिक्या मधासारखं असतं. काळं होतं ते बहुधा आतल्या रबराच्या झिजेनं, आणि हे तेल हवेतला ओलावाही ओढून घेतं.

दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर चढवली आणि उजव्या बाजूनं खाली गेले. स्लेव्ह सिलिंडर मुठीत मावेल एवढं आहे. पुढच्या टोकाला घडीघडीचा रबरी बूट आणि त्यातून बाहेर आलेली सळई. वरून बघितलं तर कोरडं होतं, फक्त धूळ बसलेली. मी नखानं बुटाची कड उचलली. आतून एक काळा थेंब आला, कडेवर थांबला, मोठा झाला आणि माझ्या मनगटावर पडला. मागोमाग दुसरा. बुटाच्या घड्यांत चमचाभर तेल साठलं होतं. बाहेर काहीच ओलं नव्हतं म्हणून महिनोन् महिने कुणालाच दिसलं नसतं.

लेकीला हाक मारली. ती आली, आणि आता मात्र बसली. "दाब," म्हटल्यावर तिनं पेडल दाबलं आणि मी पट्टी लावून सळई किती बाहेर येते ते मोजलं. आठ मिलिमीटर. चार वेळा भराभर पंप केल्यावर अकरा. नवं सिलिंडर बसवल्यावर हेच माप तेरा आलं. क्लच कटण्यातला आणि न कटण्यातला फरक इथं पाच मिलिमीटरचा होता.

ही सळई पूर्ण बाहेर येत असूनही क्लच सुटला नसता, तर दोष घंटीच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटीसारख्या कवचाच्या, आत असता: चिकटलेली प्लेट, गंजलेले खाचे ज्यावर प्लेट सरकते, किंवा इंजिनाच्या टोकाला बसवलेलं छोटं पायलट बेअरिंग, जे अडकलं तर क्लच सुटूनही शाफ्ट फिरतच राहतो. तेव्हा बॉक्स उतरवण्यावाचून इलाज नसता. पण ते सगळं ही पट्टी लावून झाल्यावर.

स्लेव्ह सिलिंडर बदलणं म्हणजे बारा नंबरचे दोन बोल्ट आणि नळीचा एक जोड. माझं ३८ डॉलरमध्ये काम झालं. आप्पांनी फोनवर बजावलं होतं, दोन्ही सिलिंडरं एकदम बदल, वरचंही. खालचं नवं घातलं की दाब पूर्ण चढतो आणि वरच्या म्हाताऱ्या रबराला तो सोसत नाही. मला वाटलं, वरचं कोरडं आहे, कशाला हात लावायचा. तीन आठवड्यांनी पेडल परत ढिलं झालं. पायाखालचं कार्पेट उचललं तर पेडलच्या सळईवरून तेलाचा ओघळ खाली आलेला. तेलानं पेडलच्या पट्टीचा रंगही सोलला होता, हे तेल रंगाला फार वाईट. मग वरचंही बदललं, आणि त्यासाठी डोकं पेडलखाली घालून, पाय सीटवर ठेवून, बोटांच्या टोकांनी नट फिरवत अर्धी दुपार घालवली. जुन्या गाडीला हे करणाऱ्या कुणालाही मी आता हेच सांगेन की दोन्ही एकदम घ्या आणि होजही त्याच वेळी बघून घ्या, कारण जुना होज दाबाखाली फुगतो आणि सळईची चाल खातो.

एअर, म्हणजे नळीत शिरलेली हवा, काढायला लेकच होती. गिअरबॉक्सच्या खाली मी, पेडलवर ती. स्लेव्ह सिलिंडरवरच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवलं.

"दाब."

"दाबला."

"धर." मी निपल पाव फेरा उघडायची, काळं तेल बुडबुड्यांसह नळीतून पळायचं, पेडल तिच्या पायाखाली खाली जायचं. निपल बंद. "सोड."

पहिल्या दहा-बारा वेळा नुसता फेस. मग बुडबुडे मोठे आणि विरळ झाले, मग नळीत तेल फिकट होत गेलं. टाकीतलं तेल संपू द्यायचं नाही हे तिला सांगून ठेवलं होतं, ती दर पाच वेळा उतरून बघत होती आणि भरत होती. तरी पेडलमध्ये शेवटचा थोडा मऊपणा राहिलाच. तो एका युक्तीनं गेला: सिलिंडरची सळई काटा ढकलायच्या आधीच पूर्ण आत दाबून बांधून ठेवायची आणि तशीच एअर काढायची, म्हणजे आतल्या पोकळीत हवेला लपायला जागा राहत नाही. त्यानंतर पेडल दाबलं तर ती वरून ओरडली, "आई, आता खाली काहीतरी आहे!" मी तो पायातला विरोध ओळखते, तिनं तो पहिल्यांदा ओळखला.

मग परीक्षा. इंजिन चालू, न्यूट्रलमध्ये, क्लच तळापर्यंत दाबून पाच सेकंद थांबायचं. क्लच खरोखर कटला असेल तर तेवढ्यात आतला शाफ्ट मंदावून थांबतो. मग रिव्हर्स. तिनंच टाकला. आवाज आला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग परत टाकला. परत आला नाही.

एक छोटी गोष्ट राहिली होती, तीही करून टाकली. दांडीच्या मुळाशी एक कप्पा आहे, त्याचं तेल वेगळं असतं, जेमतेम अर्धी वाटी. गिअर ऑइल बदललं तरी हे तसंच राहतं, आणि बऱ्याच गाड्यांत ते कधीच बदललेलं नसतं. गिअरच्या भोवतीचं प्लास्टिक, त्याखालचा मोठा बूट, मग छोटा बूट, मग तीन बोल्ट काढले आणि दांडी हातात आली. छोटा बूट घडीत फाटलेला होता. उन्हाळ्यात पायाशी जी गरम हवा यायची ती इथून. टोकाला नायलॉनची वाटी असते, तिला बारीक चीर गेली होती आणि कप्पा जवळजवळ कोरडा, तळाला डांबरासारखी साय. सगळं पुसून नवी वाटी, नवा बूट, ताजं तेल. यानं घट्टपणा जात नाही, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण दांडीतला तो सैल, खडखडणारा भाव गेला आणि प्रत्येक गिअरची जागा परत ठळक झाली.

बॉक्स मी उघडलेला नाही. ज्या गॅरेजनं सांगितलं त्यांच्याबद्दल मला राग नाही, पण इंजिन बंद करून दांडी हलवायला त्यांना दहा सेकंद लागली असती, आणि ती त्यांनी द्यायला हवी होती याबद्दल मात्र मी ठाम आहे. दोन्ही सिलिंडरं, होज, तेलं, बूट, वाटी मिळून माझे दोनशे डॉलरही झाले नाहीत.

दुसरा गिअर थंडीत थोडा अडखळतो. तो तसाच राहील. त्याची रिंग थोडी झिजली असणार आणि ती सोनेरी चकाकी तिथलीच असेल. त्याला आप्पांनी त्यांचा उपाय सांगितला. जुन्या बसच्या बॉक्सना सिंक्रो नव्हते तेव्हा ड्रायव्हर डबल क्लच मारायचे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, परत दाबून पुढचा गिअर. वर जाताना मधल्या क्षणी इंजिनाचा वेग थोडा उतरू द्यायचा. खाली येताना त्याच क्षणी थोडा पाय द्यायचा. वेग आपणच जुळवून दिला की रिंगेला काही करावं लागत नाही. "सकाळी पैल्या दोन मैलांत तेवढं कर," ते म्हणाले, "मग बॉक्स तुला दुवा देईल."

गेल्या शनिवारी सकाळी लेकीला घेऊन ह्यूरॉन रिव्हर ड्राइव्हला गेले. टप खाली, अंगात जॅकेट, नदीवर धुकं. गाडी ती चालवत होती. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना तिनं न्यूट्रलला क्लच सोडला, क्षणभर थांबली, परत दाबला. दांडी आत गेली. पुढच्या वळणानंतर गाडी बाजूला घेतली आणि आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. मिरजेत संध्याकाळ होती. मी फोन दांडीजवळ धरला, तिनं इंजिन चालू ठेवून रिव्हर्स टाकला.

आप्पांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही, फोन कानाला लावला होता, आम्हाला त्यांचा पांढरा कल्ला तेवढा दिसत होता.

"अजून एकदा टाक गं बाळ," ते म्हणाले.

तिनं टाकला.

"हां. आता दुसरा."